ओतमारची हिरवळ

सोलेन : असं ओरडतात का कुणाच्या मुलीवर? चार वर्षांची आहे हो ती! बघा, अजून थरथरतेय. शू... लूस, काही नाही हं सोन्या. आई आहे ना.

ऑर्तांस : आत घेऊन या तिला. दूध गरम करते.

सोलेन : दूध नको. आधी मला सांगा. चेंडूमागे धावत होती फक्त. फुलं तुडवली नाहीत, काच फोडली नाही. आणि तुम्ही हातातली बादली टाकून अशा किंचाळलात, जशी काही गाडीखालीच चाललीय.

ऑर्तांस : गवत ओलं आहे, मादाम. पाय घसरतो.

सोलेन : सपाट गवतावर?

ऑर्तांस : साप निघतात.

सोलेन : मार्चमध्ये? या गारठ्यात?

ऑर्तांस : यंदा गारठा कमीच म्हणायचा तसा.

सोलेन : मादाम द्यूबॉक, घसरण किंवा साप, दोनातलं एक काय ते ठरवा.

ऑर्तांस : पॅरिसची माणसं फार प्रश्न विचारतात बाई.

सोलेन : आणि नॉर्मंडीतली एकाचंही उत्तर देत नाहीत. ‘असेलही, नसेलही’ म्हटलं की झालं तुमचं. मी सकाळपासून बघतेय. पोस्टमन आला. फाटक समोर, दार समोर, मध्ये हिरवळ. सरळ आला असता तर चाळीस पावलं. पण नाही, सायकल हातात धरून भिंतीच्या कडेनं अख्खा वळसा घालून आला. तुम्ही कोंबड्यांना दाणे टाकायला गेलात तो वळसा घालून. तुमचा कुत्रासुद्धा कडेकडेनं जातो. भिंतीलगत घोट्याएवढी खोल पायवाट पडलीय, आणि मधल्या गवतावर एका पावलाची खूण नाही.

ऑर्तांस : कॉलेजात हेच शिकवतात वाटतं? लोकांची पावलं मोजायला?

सोलेन : कॉलेजात नाही. ही झाल्यावर शिकले. कुठल्याही घरात शिरले की मला आधी टेबलाचे कोपरे दिसतात. मग जिना. मग खिडक्यांच्या कड्या. नवरा हसतो मला. म्हणतो, तू घर बघत नाहीस, पंचनामा करतेस. हसू दे. दोन वाजता नोटरीकडे सही आहे आमची. सही झाली की हे घर आमचं आणि ही हिरवळ माझ्या मुलीची. तर मला सांगा, काय आहे त्या गवताखाली?

ऑर्तांस : काही नाही.

सोलेन : परत तेच!

ऑर्तांस : तेच तर सांगतेय, मादाम. खाली काहीच नाही. वीस पुरुष खोल, काहीच नाही... बसा. खाली बसा अगोदर. आणि पोरीला मांडीवर घ्या.

सोलेन : विहीर आहे?

ऑर्तांस : विहीर बरी. विहिरीला तळ असतो, पाणी असतं, माणूस हाक तरी मारतो. ही खडूची खाण आहे. तुमच्या पॅरिसात नसतात. इथली जमीन आंबट, नुसती चिकण. पांढरी माती मिसळल्याशिवाय गहू धरत नाही. आणि ती पांढरी माती खाली, खडूच्या थरात. मग विहिरीसारखं तोंड खणत खाली जायचं. खडू लागला की चहूकडे खोल्या कोरायच्या, आणि टोपल्या भरभरून वर ओढायच्या.

सोलेन : घराच्या दारात?

ऑर्तांस : घोड्याचा फेरा वाचतो ना. ही ओतमारची हवेली पूर्वी द व्हिम्योन उमरावांची. राज्यक्रांतीत त्यांचं डोकं गेलं, हवेली लिलावात गेली. घेतली कुणी, तर तुतँ नावाच्या धान्यवाल्यानं. उमरावाच्या पलंगावर झोपायला लागला, पण अक्कल वखारीतलीच. त्याच्या मुलानं ही खाण पाडली, अगदी दिवाणखान्यासमोर. माझे आजोबा सांगायचे, तळाशी सात खोल्या आहेत. कुठवर गेल्यात कोण बघायला गेलंय? एखादी या स्वयंपाकघराखालीही असेल.

सोलेन : असेल की आहे?

ऑर्तांस : असेलही, नसेलही. नका अशा बघू माझ्याकडं. या वेळी खरंच कुणाला ठाऊक नाही.

सोलेन : पण गावच्या कचेरीत खाणींची वही असते. तिबो, माझा नवरा, स्वतः जाऊन बघून आलाय. या जागेवर एकसुद्धा नोंद नाही. एक आहे ती रस्त्यापलीकडे, पाद्र्याच्या शेतात.

ऑर्तांस : पाद्र्याच्या शेतात आजवर बटाट्यापेक्षा खोल कुणी खणलेलं नाही.

सोलेन : म्हणजे?

ऑर्तांस : खाण पाडली की कचेरीत कळवायचं असा कायदा आला. तुतँनं कळवलं. गुणी माणूस! फक्त जागा पाद्र्याची सांगितली. खाणीच्या टाळूवर बसलेली हवेली उद्या कोण विकत घेणार? आणि तो एकटाच नव्हे हो. त्या काळी या मुलखात ज्याची त्याची खाण शेजाऱ्याच्या शेतात. वही काढून बघाल तर सगळा गाव सज्जन, शेजारी तेवढे पोखरलेले. दीडशे वर्षं झाली, पाद्र्याच्या शेतात बिचारं कुणी कोंबड्यांचं खुराडंही बांधत नाही.

सोलेन : आणि हे तोंड असंच उघडं टाकलं?

ऑर्तांस : नाही नाही. रीत होती त्याची. खाण सोडली की तोंडात ओकचे ओंडके आडवे ठोकायचे. वर माती, आणि मातीवर एक झाड लावायचं. ते झाड म्हणजे पुढच्यांना सांगावा. शेताच्या मधोमध एकटंच झाड दिसलं की नांगरणारा नांगर वळवायचा. कुणाला विचारायचं नाही, की कुणी सांगायचं नाही. इथं अक्रोड होता. साठ वर्षांचा, दोघांच्या कवेत न मावणारा.

सोलेन : मी तर तिथं झाड पाहिलं नाही.

ऑर्तांस : तुम्ही त्याच्यावर कोपर टेकून बसला आहात. हे टेबल त्याचंच.

सोलेन : लूस, डोकं उचल टेबलावरून. इकडे, माझ्या खांद्यावर ठेव.

ऑर्तांस : तुतँनंतर हवेली गेली ल हाव्हर बंदरातल्या कॉफीवाल्याकडं, मस्यू गोसलँकडं. त्याच्या बाईला टेनिस खेळायचं होतं. आजोबा माळी होते इथं. टोपी हातात घेऊन सांगायला गेले, साहेब, ते झाड उगाच नाही उभं. गोसलँ म्हणाला, मी अर्ध्या जगातून जहाजं आणवतो, आणि तू मला झाडाची भीती घालतोस? पाडलं. मुळं कुजत गेली, ओंडके कुजत गेले. बाई मात्र छान खेळायची म्हणे. पांढरे बूट घालून.

सोलेन : काही झालं नाही?

ऑर्तांस : तेव्हा नाही. या गोष्टीला घाई नसते, मादाम. लढाईत जर्मन राहिले इथं. त्यांचा ट्रक मागच्या चाकांवर जमिनीत बसला, तेव्हा त्यांनी पडक्या घरांच्या विटा आणून ओतल्या. मग रुआंचे डॉक्टर पीमों आले. देवमाणूस. गावात कुणाकडून तपासणीचा पैसा घेतला नाही. एका हिवाळ्यात सकाळी दार उघडून बघतात तर सगळीकडं दंव, पांढरं शुभ्र. मध्ये एक गोल तेवढा हिरवा. ताटाएवढा म्हणा, परातीएवढा म्हणा. तिथं दंव धरतच नव्हतं. खालून ऊब येते. खाण श्वास सोडते थंडीत.

सोलेन : मग त्यांनी काय केलं?

ऑर्तांस : वसंतात हवेली विकली. चावी देताना म्हणाले, ‘हवा फार छान आहे इथली.’ मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

सोलेन : आणि घेतली मादाम रोक्वीनींनी. ज्या आज आम्हाला विकतायत.

ऑर्तांस : त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं. त्यांनी शेळी पाळली होती, गवत कापायला नको म्हणून. खुंट्याला बांधलेली असायची. एक दिवस मी या खिडकीत वाटाणे सोलत होते. शेळी चरत होती. मी शेंग खाली टाकली, वर बघितलं, तर शेळी नाही. दोर होता. खुंट्यापासून ताठ, आणि सरळ जमिनीत गेलेला. मग तो दोरही सैल पडला.

सोलेन : बस्स करा.

ऑर्तांस : माझा भाऊ फिर्मँ चार दिवस दगडगोटे ओतत होता. चाळीस गाड्या. म्हणायचा, ऑर्तांस, मी ओततोय पण पडल्याचा आवाजच येत नाही. पाचव्या दिवशी तोंड बुजलं. वर बी पेरलं. आणि या हिवाळ्यात पाऊस किती झाला ते तुम्ही बघितलंच. ऑक्टोबरपासून उघडीप नाही. हल्ली सकाळी भांडी घासताना ऐकू येतं. धप्प. कुणीतरी पोतं टाकल्यासारखं. मग आठवडाभर काही नाही. मग परत धप्प.

सोलेन : आणि आजवर एकानंही पुढच्याला सांगितलं नाही?

ऑर्तांस : सांगितल्यावर घेतं कोण? प्रत्येकाला कळलं ते सही झाल्यावर. कळलं की विकायची घाई, आणि विकायचं म्हणजे गप्प बसायचं. झाकली मूठ.

सोलेन : आणि तुम्ही? तुम्ही तर सगळ्यांच्या वेळी इथंच होतात!

ऑर्तांस : फाटकाजवळची खोली बघितलीत ना? आजोबांपासून ती आमची. प्रत्येक खरेदीखतात एक कलम असतं, की ती खोली द्यूबॉकांची, अखेरपर्यंत. तुमच्याही कागदात असेल.

सोलेन : आहे. तिबोला ते फार गोड वाटलं होतं.

ऑर्तांस : तोंड गोड करायलाच आहे ते. गोड तोंड गप्प बसतं.

तिबो : काय गप्पा रंगल्यात! बाहेर ऊन पडलंय आणि तुम्ही दोघी इथं दारं लावून? सोलेन, ऐक, माप घेतलं. बारा बाय सहा. एवढा मोठा पोहायचा हौद बसतो दिवाणखान्यासमोर! सोमवारी खणणाऱ्याला बोलावू या का? काय गं, अशी काय बघतेस?

सोलेन : तू आत्ता कुठून आलास?

तिबो : कुठून म्हणजे? फाटकाकडून. सरळ.

सोलेन : हिरवळीवरून?

तिबो : मग काय उडत? अगं, काय जमीन आहे! गादीसारखी. मी सहज टाच आपटली, तर ढोलासारखी घुमली. खणायला अगदी सोपी जाणार.

सोलेन : तिबो, बूट काढ. बस इथं. आपण सही करत नाही आहोत.

तिबो : मादाम द्यूबॉक, हिला काय पाजलंत तुम्ही?

ऑर्तांस : मी काही पाजलं नाही, मस्यू.

सोलेन : त्या गवताखाली खाण आहे. दीडशे वर्षांपूर्वीची. तुतँनं वहीत खोटी जागा लिहिली. वरचं झाड तोडलं. एक शेळी गेली त्यात, यांच्या डोळ्यांदेखत. लूस त्याच्यापासून चार पावलांवर होती. चार!

तिबो : बरं. बरं, हळू बोल, ती झोपतेय. हे बघ, असल्या गोष्टी प्रत्येक जुन्या घराला चिकटलेल्या असतात. माझ्या मावशीकडे विहिरीत म्हणे एका जोगिणीचं भूत होतं. पस्तीस वर्षं आम्ही तिथलं पाणी प्यालो.

सोलेन : ही जोगीण नाही! हे भोक आहे!

तिबो : आणि नोंदीत काही नाही. नोटरी म्हणतो नाही, वही म्हणते नाही. आपण पॅरिसचं घर विकलंय, सोलेन. मी राजीनामा दिलाय. तूच म्हणालीस, लूसचा खोकला जात नाही, हिला मोकळी हवा हवी. कुणासाठी घेतोय आपण हे?

सोलेन : तिच्यासाठीच नाही घ्यायचं.

तिबो : कुंपण घालू. जाड, तारेचं.

सोलेन : कुठं घालशील? खाली सात खोल्या आहेत, कुठवर गेल्यात कुणाला माहीत नाही. या फरशीखालीसुद्धा असेल एखादी. तू रात्री तिला वरच्या खोलीत झोपवून खाली वाचत बसशील? मी नाही बसू शकणार. मी रोज सकाळी उठून भांड्यांचा आवाज बंद करून ऐकत राहीन. मला ओळखतोस तू.

तिबो : ओळखतो म्हणूनच... बरं, समजा खरं आहे. आज माघार घेतली तर इसार बुडाला. विकणाऱ्यानं लपवलंय असं दाखवायचं तर साक्ष लागते. मादाम द्यूबॉक, याल दोन वाजता नोटरीसमोर? हेच सगळं सांगाल?

ऑर्तांस : नाही, मस्यू.

सोलेन : नाही? आत्ता अर्धा तास तुम्हीच तर...

ऑर्तांस : तिथं मला विचारलं तर मी सांगेन, साप निघतात.

सोलेन : मग मला कशाला सांगितलंत?

ऑर्तांस : मी कुठं सांगायला गेले होते? ओरडणं तोंडातून निघून गेलं. मग तुम्ही सोडेनात. एक्क्याऐंशी वर्षांची आहे मी. ती खोली गेली तर मला जायला जागा नाही, आणि या वयात नवीन भिंतीची ओळख होत नाही.

तिबो : मग एकच उरतं. मी मादाम रोक्वीनींनाच फोन करतो.

(फोन बाहेरच्या खोलीत. दार उघडंच आहे.)

तिबो : हॅलो, मादाम? तिबो बोलतोय... हो, हवेलीतूनच... नाही, चावी लागली नीट. मादाम, जरा अडचण आलीय. बायकोचं मन... नाही, घर सुंदरच आहे. ते समोरच्या हिरवळीबद्दल... हॅलो? मादाम, ऐकताय ना?... नाही, मी अजून काहीच म्हटलं नाही... हो... हो, समजलं... पूर्ण इसार परत?... आजच?... नाही, तसं कुणाशी बोलायचं कारणच काय... ‘घरगुती कारण’. हो, तसंच लिहितो... शब्द दिला, मादाम... तुमच्या तब्येतीची काळजी घ्या.

सोलेन : काय म्हणाल्या?

तिबो : ‘हिरवळ’ म्हटलं, तर काय झालं हेसुद्धा विचारलं नाही. सरळ म्हणाल्या, तुमचा इसार संध्याकाळपर्यंत परत करते. करार रद्द. फक्त कारण घरगुती लिहा आणि गावात कुणाशी बोलू नका.

सोलेन : म्हणजे खरं आहे.

तिबो : खरं आहे. मी टाच आपटली गं तिथं! दोनदा!

सोलेन : सुटलो आपण. देवा. सुटलो. लूस, ए पिल्ला, ऊठ, जायचं आपल्याला... इतक्या सहजी कशा सोडतायत त्या?

ऑर्तांस : रुआंचं एक जोडपं आहे. तुमच्यानंतर रांगेत होतं. तीनदा फोन करून झालेत त्यांचे. आता त्यांना बोलावतील. चार वाजेपर्यंत येतीलच, तासाचा तर रस्ता. घर मीच दाखवते नेहमी.

सोलेन : मुलं आहेत त्यांना?

तिबो : सोलेन.

सोलेन : मी नुसतं विचारतेय. आहेत?

ऑर्तांस : तीन. धाकटं आत्ताच पाऊल टाकायला लागलंय म्हणे. बाई फोनवर विचारत होती, बागेला काटे नाहीत ना.

सोलेन : तुम्ही काय सांगितलंत?

ऑर्तांस : नाहीत म्हटलं. काटे नाहीत.

सोलेन : सांगा त्यांना. माझं नाव घेऊ नका, पण सांगा.

ऑर्तांस : तुम्ही सांगा. चार वाजेपर्यंत फाटकाशी थांबा, गाडी आली की काच खाली करायला लावा. दोन वाक्यांचं काम आहे.

तिबो : मी शब्द दिलाय. पैसे अजून हातात आलेले नाहीत, सोलेन. त्या बाईला कळलं की आपणच बोललो, तर आपल्याकडे ना घर, ना इसार, ना नोकरी. उद्या कुठं झोपायचं आपण?

सोलेन : एक चिठ्ठी...

तिबो : अक्षर आपलं असेल.

सोलेन : पैसे आले की मग फोन करू. नाव न सांगता. उद्या. किंवा परवा.

ऑर्तांस : करा की. नंबर देऊ त्यांचा?

सोलेन : ...नको. म्हणजे, आत्ता कुठं लिहून घेऊ? हात मोकळा नाही, ही खांद्यावर झोपलीय. तिबो, गाडी दाराशी आण. भिंतीच्या कडेनं.

ऑर्तांस : थांबत नाही म्हणता?

सोलेन : थांबले असते हो. पण अकरापासून हिच्या पोटात काही नाही. आता उठली की रडून गोंधळ घालेल. रस्त्यात कुठंतरी गरम सूप मिळालं तर बरं.

ऑर्तांस : बरोबर आहे. आधी आपल्या लेकराचं बघावं.